पुरात भिजलेली हत्यारे आणि पावसाळ्यात अडकणारा दरवाजा

प्रश्न सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांनी जुन्या बाजारातून नऊशे रुपयांना हत्यारांचे एक पोते घेतले. त्यात एक लोखंडी रंधा, लाकूड तासायच्या तीन पटाश्या, एक करवत, दांडा हलणारी हातोडी, काम घट्ट पकडून धरणारी, बाकाला बसवायची लहान व्हाइस आणि विजेवर चालणारे एक जुने ड्रिल मशीन निघाले. विकणाऱ्याने ‘पुरातला माल आहे’ एवढेच सांगितले. सगळ्यावर गंज चढलेला आहे. या हत्यारांनी घराचा पावसाळ्यात अडकणारा दरवाजा आपणच नीट करावा आणि पुढे पुस्तकांसाठी फळ्या कराव्यात असा त्यांचा विचार आहे. सुरुवात कोठून करावी आणि या खरेदीत आपण फसलो का, असे त्यांनी विचारले आहे.

तुम्ही फसलेल्या नाहीत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये माझी तीस वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हाच उद्योग करतो, म्हणून सांगतो की व्हाइस धड निघाली तर तिच्यातच नऊशे रुपये वसूल झाले. मात्र सर्व हत्यारे एकदम चकचकीत करायला बसू नका. हत्यार ज्या जागी लाकडाला भिडते ती जागा बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढीच असते. तेवढी नीट झाली की हत्यार नीट झाले, आणि बाकीच्या अंगावर गंजाचे काळे डाग राहिले तरी कामात काही बिघडत नाही. आरशासारखी चमकवलेली हातोडी पाहायला छान वाटते, पण खिळ्याला त्याचे काही नसते.

पुरातल्या मालाची गोष्ट मात्र साध्या गंजलेल्या मालापेक्षा वेगळी असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी कित्येक दुकाने आणि तळघरे दिवसेंदिवस पाण्यात होती, आणि पाणी ओसरल्यावरही हत्यारांच्या पेट्यांत गाळ तसाच राहिला. नदीकाठचा हा बारीक गाळ ओल धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्याखाली पोलादाला वरवरची लाली न येता जागोजागी खड्डे पडतात. म्हणून पहिले काम गंज काढण्याचे नाही, तर गंज कोणत्या जातीचा आहे हे पाहण्याचे आहे. हत्यारे साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन उन्हात वाळवा. मग पटाशीच्या सपाट पाठीवर धारेजवळ नख फिरवा. नख सरळ घसरले तर गंज वरवरचा आहे. ते अडखळले तर तिथे खड्डा आहे, आणि धार त्या खड्ड्यापर्यंत पोहोचली की काठाला दातरे पडणार. धारेपासून बोटभर अंतरापर्यंत पाठ स्वच्छ असेल तर ती पटाशी पुढची अनेक वर्षे चालेल. धारेजवळच खोल खड्डे असतील तर तेवढा भाग घासून मागे घ्यावा लागतो. तीनपैकी एखादी पटाशी अशी निघाली तर तिच्यावर वेळ न घालवता ती रंगाचे डबे उघडायला ठेवावी.

रंधा आणि व्हाइस बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात, आणि बीड ठोकर लागली की तडकते. या जिल्ह्याला बिडाची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९१० पासून किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने बिडाचे नांगर शेतात नेले. तरी घाईच्या खरेदीत बिडाला गेलेला तडा पाहायचा राहून जातो. रंधा दोन बोटांत लोंबता धरून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. चांगल्या बिडाचा नाद मोकळा येतो, तडकलेल्याचा बद्द येतो. रंध्याच्या तोंडाशी, म्हणजे तळाच्या ज्या फटीतून पाते बाहेर डोकावते तिथे, आणि व्हाइसच्या बाहेरच्या जबड्याच्या मुळाशी खडूची पूड चोळून पुसून घ्या. तडा असेल तर पांढरी रेघ उरते. तडकलेली व्हाइस जोडून देतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण बीड नीट तापवून, योग्य रॉडने जोडून सावकाश निवू दिले नाही तर नवा तडा जोडाच्या शेजारीच जातो. घरच्या कामासाठी त्या भानगडीत पडू नये.

आता गंज काढण्याविषयी. पटाश्या आणि रंध्याचे पाते यांच्यासाठी मला सायट्रिक ॲसिड सर्वांत सोयीचे वाटते. वाणसामानाच्या दुकानात ढोकळ्यासाठी मिळते तेच. एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम घ्यावे, पात्र प्लास्टिकचे असावे, आणि पात्यावरचे तेल आधी साबणाने पूर्ण काढलेले असावे, कारण तेलाखाली आम्ल पोहोचत नाही. दर तासाला पाते बाहेर काढून ब्रशने घासावे. बहुतेक गंज चार ते आठ तासांत मऊ पडतो. गंज निघाला की पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावे, कढत पाण्याने धुवावे आणि गरम असतानाच कोरडे करून तेल लावावे. ही शेवटची घाई टाळली तर दहा मिनिटांत पात्यावर पिवळसर गंज पुन्हा फुटतो. पात्र ठेवून बाहेरगावी जाऊ नका. मी एकदा चांगली जुनी करवत व्हिनेगरमध्ये बुडवून मुलीकडे पुण्याला गेलो आणि तिसऱ्या दिवशी परतलो, तर पाते राखाडी आणि खरखरीत झालेले, वाकवल्याबरोबर दोन दात तुटून पडले. कडक पोलाद आम्लात जास्त वेळ राहिले की ठिसूळ होते, हे मला पुस्तकातून माहीत होते. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू तर आम्लात घालूच नयेत.

व्हाइस मात्र आम्लात बुडवण्याएवढे मोठे पात्र लागते, म्हणून तिच्यासाठी विजेची रीत बरी. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, दर लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. चार्जरची ऋण तार व्हाइसला जोडायची आणि धन तार बादलीत उभ्या केलेल्या साध्या लोखंडी सळईला. हे दोन भाग एकमेकांना टेकता कामा नयेत. तारा उलट जोडल्या तर सळई स्वच्छ होते आणि व्हाइस झिजते. सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली कधीही वापरू नये, कारण त्यातील क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा बादली अंगणात ठेवावी, जवळ विडीकाडी नको, आणि हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. आजकालचे काही चार्जर समोर बॅटरी आहे असे जाणवल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तसला असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासण्याची जुनी रीत आहेच. व्हाइसमध्ये स्वच्छ करायची खरी जागा म्हणजे तिचा स्क्रू आणि त्यावर फिरणारा नट. तिथला गाळ काढून ग्रीस भरले, जबडे समांतर मिटतात हे पाहिले, की व्हाइस झाली. अंगावरचा रंग उडालेला राहू द्या.

सर्वांत आधी हाताशी घ्यायची ती मधली, साधारण २० मिलिमीटर रुंदीची पटाशी. रंधा आधी घेण्याचा मोह होतो, पण रंध्याचे पातेही याच रीतीने लागते आणि त्याची रुंदी दुपटीहून अधिक असते. हात बसेपर्यंत लहान पाते बरे. किचनच्या ओट्याचे काम करणाऱ्या दुकानातून ग्रॅनाइटचा फूटभर पॉलिश केलेला तुकडा आणा, तो बहुधा फुकट मिळतो. त्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) अंथरला की तो आपोआप चिकटून बसतो. आधी २२० नंबर, मग ४००, मग ८००, शेवटी १२०० किंवा त्यापुढचा. पटाशीच्या पाठीवर मार्कर पेनने आडव्या रेघा मारा आणि पाठ सपाट टेकवून धारेकडचे तीन सेंटीमीटर तेवढे घासा. दहा-बारा हात मारल्यावर रेघा जिथे पुसल्या तो भाग उंच आणि जिथे राहिल्या तो भाग खोल. धारेलगतच्या रेघा सलग पुसल्या गेल्या की त्या कागदाचे काम संपले. मुठीपर्यंतची पूर्ण पाठ सपाट करण्यात लोक संध्याकाळ घालवतात. त्याची काहीच गरज नसते.

मग समोरचा उतार. घरच्या सर्वसाधारण कामासाठी २५ ते ३० अंशांचा उतार पुरतो. त्यासाठी कोनमापक लागत नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन बरोबर ३० अंश होतो. पाते पाच मिलिमीटर जाड असेल आणि उतार बारा मिलिमीटर असेल तर कोन २५ अंशांच्या आसपास येतो. उतार कागदावर पूर्ण टेकतो तेव्हा हाताला ते कळते. तोच कोन मनगटाने घट्ट धरून पाते स्वतःकडे ओढा. ढकलू नका, कारण पुढे ढकलताना धार कागदात रुतून कागद फाटतो. थोड्या वेळाने पाठीमागच्या बाजूने अंगठा धारेकडे हलकेच सरकवला तर काठावर खरखर लागते. पोलादाची बारीक कड मागे उलटलेली असते, तिला आमच्याकडे ‘बर’ म्हणतात. पूर्ण रुंदीभर बर आली याचा अर्थ उतार आणि पाठ एकमेकांना भेटले. बर येण्याआधी पुढच्या नंबरच्या कागदावर जाणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे. मग कितीही बारीक कागद वापरला तरी पटाशी बोथटच राहते आणि दोष कागदाला दिला जातो. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर थोडे मेटल पॉलिश लावून दोन्ही बाजू ओढल्या की बर निघून जाते.

हे सर्व विजेच्या ग्राइंडरवर पाच मिनिटांत होईल असे कोणी सांगेल. होईलही, पण पात्याचे पाणी उतरेल. टूलरूममध्ये उमेदवारी करत असताना मी माझ्या उस्तादांच्या रंध्याचे पाते ग्राइंडरवर धरले आणि काठावर सुंदर निळी छटा चढलेली पाहून खूश झालो. त्यांनी काही न बोलता पाते माझ्या हातातून घेतले आणि त्याच्या निळ्या कडेवर कानस फिरवून दाखवली. कडक पोलादावर जी कानस घसरायला हवी होती, ती लोण्यात शिरावी तशी चावली. पोलाद २३० अंश सेल्सिअसच्या सुमारास गवती पिवळे दिसते आणि ३०० अंशांच्या आसपास निळे. निळे दिसले की त्या कडेचा कडकपणा गेला, आणि निळा भाग संपेपर्यंत सगळे घासून काढण्यावाचून उपाय नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर पाते उघड्या बोटांनी धरावे, चटका जाणवण्याआधी पाण्यात बुडवावे, आणि धार शेवटी हातानेच लावावी.

धार लागली की नाही हे हातावरचे केस काढून पाहू नका. देवदाराच्या खोक्याची फळी घ्या आणि तिच्या टोकाकडचा, म्हणजे आडवा कापलेला भाग पटाशीने हाताच्या जोरावर सोला. तिथले तंतू चुरगळून पांढुरके दिसले तर धार कमी आहे, काप गुळगुळीत आणि किंचित चकाकता निघाला तर पुरेशी आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद मोकळा करताना, मी हीच पद्धत पाहिली. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, दोन हात घासतो, तार चढवतो, छेडून ऐकतो, पुन्हा उतरवून दोन हात घासतो. हत्यार तयार झाले हे कामच सांगते, हत्याराकडे पाहून ते समजत नाही.

करवतीबद्दल थोडक्यात. दातांची टोके निळसर काळी दिसत असतील तर ते दात कारखान्यात कडक केलेले असतात आणि कानसेला दाद देत नाहीत. तशी करवत चालेल तोवर चालवावी. दात एकाच रंगाचे असतील तर तिकोनी कानसेने धार लागते, परंतु दात फाकवण्याचे, म्हणजे आलटून-पालटून दोन्ही बाजूंना किंचित वाकवण्याचे काम पहिल्यांदा जाणत्याकडून करून घ्या आणि शेजारी बसून पाहा. हातोडीचा दांडा सैल झाला की ती रात्रभर पाण्यात ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लाकूड फुगते, सकाळी दांडा घट्ट वाटतो, आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा जास्त सैल होतो, कारण फुगताना त्याचे तंतू लोखंडाच्या भोकात दबून चेपलेले असतात. जुना दांडा काढून बाभळीचा नवा बसवा, वरून लाकडी पाचर ठोका आणि जवसाचे तेल पाजा.

ड्रिल मशीनविषयी मी कडक बोलणार आहे. पुरात बुडालेले विजेचे यंत्र सॉकेटला लावून ‘चालते का’ हे पाहायचे नाही. माझ्या माहितीतल्या एका दुकानातून मी असेच एक यंत्र घेतले होते. ते चालले, आणि त्याच्या धातूच्या अंगातून मला असा झटका बसला की यंत्र हातून सुटून पायावर पडले. आतली तार ओल लागून उघडी पडली होती आणि अर्थिंगची तार तर कोणीतरी कापून टाकलेली होती. तुमचे यंत्र मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडे न्या. तो ते उघडून वाळवील, कार्बन ब्रश पाहील आणि मेगर या मापकाने तारेचे इन्सुलेशन तपासील. एक मेगाओहमपेक्षा कमी भरले तर ते वापरात आणू नका. धातूच्या अंगाच्या यंत्राला तीन पिनांची तार आणि चालू अर्थिंग हवेच, आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर फळ्यांचा विचार करण्याआधी तो बसवून घ्या. या यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल तर मी ते भंगारात देईन.

आता दरवाजा, ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे. तो अडकतो म्हणून लगेच रंधा घेऊन त्याची कड काढू नका. चौकटीच्या आतल्या कडांना खडू फासा, दरवाजा दोनदा लावा-उघडा, आणि खडू दरवाज्याच्या कोणत्या भागाला लागला ते पाहा. कडीच्या बाजूच्या फक्त वरच्या कोपऱ्याला लागला असेल तर दोष लाकडाचा नाही, वरची बिजागरी ढिली होऊन दरवाजा ओणवा झाला आहे. तिचे स्क्रू काढा, भोकांत फेविकॉल लावलेल्या सागाच्या काड्या ठोका, एक दिवस सुकू द्या, जास्तीच्या काड्या पटाशीने सपाट कापा आणि आधीच्यापेक्षा अर्धा इंच जास्त लांबीचे स्क्रू बसवा. तुमच्या नव्या धारेचे पहिले काम बहुधा हेच असेल, आणि पुष्कळदा दरवाजा एवढ्यावरच सुटतो.

खडू पूर्ण उभ्या कडेला लागला असेल तर लाकूड फुगले आहे. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते, आणि सांगलीच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत रुंद दरवाजा दोन-तीन मिलिमीटर सहज घेतो. त्या दिवसांत तो मोकळा फिरेल इतके लाकूड काढले तर मार्च-एप्रिलमध्ये त्या फटीतून रस्ता दिसेल. म्हणून पावसाळ्यात फक्त खडू लागला तेवढीच जागा, आणि तीही पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकीच काढावी. रंधा उभ्या कडेवर रेषांच्या दिशेने चालवा. वरच्या कडेवर मात्र दोन्ही टोकांकडून मध्याकडे चालवा, नाहीतर टोकाचा उभा तुकडा ढलपा होऊन निघतो. दिवाळीनंतर लाकूड सुकले की दरवाजा उतरवा आणि त्याच्या वरच्या व खालच्या कडा पाहा. रंगारी या दोन कडा बहुतेक वेळा कोऱ्या सोडतात, कारण त्या कोणाला दिसत नाहीत, आणि ओल तिथूनच आत जाते. त्या दोन कडांना प्रायमर आणि दोन हात रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यात फुगणे निम्म्याहून कमी होईल असा माझा अनुभव आहे.

दरवाज्यावरचा रंग जुना असेल तर आणखी एक काळजी घ्या. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग ब्लो लॅम्पने जाळू नये, कोरडा घासूही नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, तोंडाला मास्क असावा, चिखल वर्तमानपत्रात गोळा करावा आणि लहान मुले त्या वेळी आसपास नसावीत.

फळ्यांसाठी १८ मिलिमीटरचे प्लायवुड घेतले तर दोन आधारांमध्ये अडीच फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, पुस्तकांच्या वजनाने फळी वर्षभरात पोटात झुकते. गावभागातल्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतील तर त्यात प्लास्टिकची गिट्टी टिकत नाही, भोक पाडताच माती भसाभसा गळते. तिथे भिंतीला टांगण्याऐवजी जमिनीवर उभे राहणारे कपाट करा आणि त्याचे फक्त वरचे टोक तुळईला बांधा. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा, वर्तमानपत्रांच्या रद्दीसाठी. हत्यारे सर्वांत वरच्या कप्प्यात, तेल लावून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिच्यात ओल कोंडते. मे महिन्याच्या अखेरीस एकदा फडकी सोडून तेलाचा नवा हात फिरवा.